सुंठ राहिली बाजूला

आज सकाळी दादरला एका जुन्या दुकानात सुंठ आणायला गेलो असता, गल्ल्याशेजारच्या काचेच्या बरणीत संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, साखर लावलेल्या लिमलेटच्या गोळ्या दिसल्या आणि सुंठ राहिली बाजूला. वीस रुपयांच्या गोळ्या घेतल्या (नातीसाठी, असे दुकानदाराला सांगितले) आणि गाडीत बसण्याआधीच तीन संपवल्या.

माझे बालपण विलेपार्ले पूर्वेला गेले. तिथे १९२९ साली सुरू झालेल्या पार्ले कारखान्यामुळे स्टेशनात गाडी शिरताच भाजलेल्या बिस्किटांचा वास डब्यात भरत असे. त्या कारखान्याची सुरुवात गोळ्या-पेपरमिंटांनीच झाली होती आणि बिस्किटे नंतर आली, हे मला फार उशिरा कळले. २०१६ साली तो बंद झाला, तरी पार्ले आले की नाक आजही आपोआप खिडकीकडे वळते.

आजी मात्र रावळगावच्या गोळ्यांची चाहती. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगावजवळ काढलेल्या त्या कारखान्याची ‘पान पसंद’ दुपारच्या झोपेआधी तिच्या बटव्यातून निघे, आणि अर्धी गोळी दातांनी तोडून मला मिळे. २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांचे सारे ब्रँड रिलायन्सने २७ कोटींना घेतले. मलबार हिलवर एखाद्या घराला याहून अधिक मोजतात.

घरी आल्यावर नातीने माझी केशरी जीभ पाहिली आणि उरलेली पुडी निमूटपणे ताब्यात घेतली. सुंठेसाठी उद्या पुन्हा दादर गाठावे लागणार आहे.