पन्नास रुपयांची केस आणि चाऱ्याचं बिल

परवा आमच्या ट्रस्टच्या मीटिंगमध्ये परत तोच विषय निघाला, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं कोर्टकचेऱ्या आणि राजकारण यात पडावं का. दोन तास वाद झाला, भडंग संपलं, निकाल काय लागला नाही. आमचे खजिनदार काका म्हणाले, "लोकं पैसं देत्यात ते मलमपट्टीला, वकिलाच्या फीला नव्हं." आणि राजकारण म्हटलं की तर सगळेच कानाला हात लावतात. केस म्हणजे जरा स्वच्छ काम, राजकारण म्हणजे घाण, असं आमच्यात बहुतेकांना वाटतं. मला नेमकं उलटं वाटायला लागलंय आणि त्याला कारण एक बैल आहे.

आमचा ट्रस्ट म्हणजे फार मोठं काय नाही, सांगलीतली आठ-दहा माणसं, एक व्हॅन, एक डॉक्टर जे रिटायर झाल्यावर पण घरी बसत नाहीत. ऊसाच्या सीझनला आम्ही दर रविवारी एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर जायचो. ऊसाच्या बैलगाड्या रिकाम्या व्हायला नंबर लागतो, तेवढ्या वेळात बैलं वाढं, म्हणजे ऊसाचे शेंडे, खात उभी असतात, डॉक्टर खांदे बघायचे, पाय बघायचे, खुरात गेलेला खिळा काढायचे. गाडीवान बहुतेक बीडकडचे. पहिल्या वर्षी कोण जवळ येऊ देत नव्हतं, दुसऱ्या वर्षी स्वतःहून हाक मारायला लागले, "डाक्टर, ह्याचा खांदा बघा की."

जानेवारी 2023 मध्ये एक बैल दिसला, खांदा इतका सुजलेला आणि फुटलेला की जू टेकलं की पू यायचा. डॉक्टरांनी सांगितलं पंधरा दिवस जुंपू नको. पुढच्या रविवारी तोच बैल तसाच भरल्या गाडीला. आमच्यात तेव्हा एक नवीन वकील मुलगा आलेला, तो तापला, मी पण तापलो, म्हटलं आता बास, केस करायची.

पोलीस स्टेशनला गेलो तर तिथं शांतपणे सांगितलं की हे अदखलपात्र आहे, कोर्टात जा. आधी राग आला पण ते बरोबर होतं. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे त्यातले कलम 11 चे बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, जखमी जनावर कामाला जुंपणं पण त्यातच येतं. म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत, आणि ज्याला पडलीय त्यानं स्वतः मॅजिस्ट्रेटपुढं खाजगी तक्रार टाकायची, ती पण गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणून जे लोक म्हणतात संस्थांनी केसेस कशाला करायच्या, सरकार बघून घेईल, त्यांना मी सांगतो की बैलाच्या बाबतीत सरकार आपणहून येतच नाही, कायद्यानंच ते काम तुमच्या-माझ्यावर ढकललंय.

तर तक्रार टाकली. कोर्टानं बैल पांजरपोळात, म्हणजे जनावरं सांभाळणाऱ्या संस्थेत, ठेवायला सांगितला. आम्हाला वाटलं जिंकलो! आता पुढचं ऐका. बैल एक गेला पण गाडीला दोन लागतात, म्हणजे दुसरा नुसता उभा. गाडीवानानं मुकादमाकडनं, म्हणजे तोडणीला माणसं आणणाऱ्या ठेकेदाराकडनं, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, ती फिटायची तर गाडी चालली पाहिजे, मग त्यानं दुसऱ्याचा बैल भाड्यानं घेतला, ते भाडं परत उचलीतच चढलं. शेवटी त्यानं गुन्हा कबूल केला. दंड किती? पन्नास रुपये. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये हा आकडा 1960 पासून आजपर्यंत तसाच आहे, एक वडापाव आणि दोन चहा. पण बैल सोडवायला पांजरपोळाचा चाऱ्याचा खर्च मालकानं भरायचा असतो, आणि ते बिल हजारात. तो माणूस कोर्टाच्या पायरीवर आमच्या डॉक्टरांना म्हणाला, "सायेब, बैलाला खायला घातलं, म्या काय खाऊ?" डॉक्टर काय बोलले नाहीत. संध्याकाळी बिल ट्रस्टनं भरलं. म्हणजे केस पण आम्हीच केली आणि आरोपीचा खर्च पण आम्हीच उचलला, देणगीदारांच्या पैशातनं. काकांनी ती पावती अजून फाईलला लावून ठेवलीय आणि प्रत्येक मीटिंगला काढतात.

पैशाचं सोडा. पुढच्या रविवारी गाडीतळावर व्हॅन शिरली तसे गाडीवान बैलं पलीकडं न्यायला लागले. जखमा तशाच, फक्त आम्हाला दाखवायच्या बंद झाल्या.

त्या केसमध्ये सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू, ओझं कुणी ठरवलं हे कुणी विचारलंच नाही. ओझी ओढणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. जनावर किती मोठं, चाकाला टायर कुठला, त्यावर वजन ठरलेलं आहे. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा 37 च्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचंच नाही. मार्चमध्ये सांगलीत हा नियम पाळायचा म्हटलं तर काय होईल विचार करा. आता गंमत बघा, प्रत्येक गाडीचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, पावती निघते, म्हणजे किती ओझं ओढलं याचा पुरावा कारखान्याच्याच कॉम्प्युटरमध्ये असतो. पण आरोपी कोण, तर गाडीवान. कारण खाजगी तक्रारीत जो समोर दिसतो तोच सापडतो. काट्यावर ठरलेल्या वजनाच्या वर गाडी घेऊच नका, गाडीतळावर पाणी आणि सावली करा, टनाचा दर असा द्या की कमी भरून पण माणूस जगेल, ही कामं मॅजिस्ट्रेट पन्नास रुपयाच्या केसमध्ये करणार नाहीत. ती साखर आयुक्तांकडं, आमदाराकडं, विधानसभेत जाऊन मागावी लागतात. यालाच राजकारण म्हणत असतील तर म्हणू दे.

आणि हा कायदा तरी कुठनं आला? रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर नेमलेल्या खासदार होत्या, त्यांनी तिथं खाजगी विधेयक मांडलं, नेहरूंच्या शब्दावर मागं घेतलं, मग समिती बसली आणि 1960 ला कायदा झाला. आख्खं राजकारणच की ते.

नुसतं कोर्टात जिंकून काय होतं ते आपल्याकडं बैलगाडी शर्यतीत सगळ्यांनी बघितलंय. मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, 2017 ला विधानसभेनं कायदा बदलला, डिसेंबर 2021 ला शर्यती परत सुरू, मे 2023 ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. इतकी वर्षं संस्था कोर्टात होत्या आणि शर्यतवाले आमदारांकडं होते. मी स्वतः शर्यतीच्या बाजूचा नाही, पण शर्यतीचे खिलार बैल सांभाळणाऱ्या माणसाशी गावात बसून कोण बोललं, तर आमदारच.

इंग्लंडमध्ये आरएसपीसीए नावाची प्राण्यांसाठी काम करणारी 1824 ची जुनी संस्था आहे, तिथं पण हेच रामायण. 2012 मध्ये त्यांनी कोल्ह्याच्या शिकारीवरनं एका श्रीमंत शिकारी क्लबवर खाजगी खटला भरला, जिंकले, पण त्यात सव्वातीन लाख पौंडाच्या आसपास खर्च झाला आणि क्लब आणि त्याच्या दोघा माणसांना मिळून दंड झाला 6,800 पौंड. जजनीच खर्चाबद्दल सुनावलं. खूप टीका झाली, आणि 2021 मध्ये संस्थेनं जाहीर केलं की खटले चालवायचं काम सरकारी वकिलांकडं द्यायचंय. तरी एक फरक आहे, तिथं समोर श्रीमंत क्लब होता, आमच्यापुढं बीडचा गाडीवान.

माधुरी हत्तिणीचं तर सगळ्यांना माहितीय. ती नांदणीच्या जैन मठातली, आणि नांदणी आमच्यापासून जवळच. पेटा या प्राणीहक्क संस्थेनं तक्रार केलेली. जुलै 2025 ला हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, मग हत्तीण जामनगरला, आणि इकडं रस्त्यावर हजारो लोक. कोण बरोबर त्यात मी आत्ता पडत नाही, पण त्यानंतर महिनाभर आम्ही कुत्र्याला इंजेक्शन द्यायला गेलो तरी लोक विचारायचे, "तुमी पेटावालं का?" आमच्या व्हॅनला काय लिहिलंय ते बघायचे आधी.

म्हणून केस कधीच करू नका असं मी म्हणत नाही. मागं एका कॉलनीत कुत्र्यांना विष घातलं, तिथं केस केली आणि परत करीन, कारण तिथं भूक नव्हती, नुसता खुन्नस होता, आणि जनावर मारण्याचं कलम दखलपात्र आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण जिथं माणूस पण त्याच जुवाला जुंपलाय तिथं माझा वकिलाच्या फीला विरोध आहे. ते पैसे घ्या आणि पुण्याला साखर आयुक्तालयात चकरा मारा. प्रचार कुठल्या पक्षाचा करायचा नाही, निवडणुकीत स्टेजवर बसायचं नाही, एवढं पाळलं की झालं. दंड वाढवायचा मसुदा 2022 ला केंद्रानं सूचनांसाठी काढलेला, त्यावर आमच्या ट्रस्टनं एक ओळ पण पाठवली नव्हती, कारण "आपण राजकारणात नाय."

मीटिंगमध्ये शेवटी एवढंच ठरलं की काट्यावरच्या वजनाबद्दल पत्र लिहायचं. ड्राफ्ट माझ्याकडं आलाय, सही करायला काका अजून तयार नाहीत. डॉक्टर मात्र या सीझनला परत गाडीतळावर जातायत, व्हॅन बाहेर रस्त्यावर लावून, पिशवीत औषधं घेऊन, एकटेच चालत.