पारडी बदलून बघितलीस का?

कराडच्या आमच्या दुकानात अजून जुना तराजू टांगलेला आहे. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून त्याला कुणी हात लावत नाही. डाव्या पारड्याखाली लाखेचा एक गोळा चिकटवलाय, तो पासंग, म्हणजे दोन पारड्यांतला मुळातला फरक, काढायला. बाबा लहानपणी सांगायचे, तराजूवर संशय आला की माल एकदा डाव्या पारड्यात घालून तोलायचा, एकदा उजव्यात. दोन्हीकडे वजन वेगळं आलं तर खोट मालात नाही, तराजूत.

मी पीएचडी केली ती चार्म क्वार्क नावाच्या मूलकणावर, जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या एलएचसीबी प्रयोगात. पाहुण्यांना सांगताना मी "द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातला फरक शोधते" म्हणते. खरं तर चार वर्षं मी पासंगच काढत होते.

काम तसं मोजदादीचं. चार्म क्वार्क असलेला डी-झिरो नावाचा कण सरासरी 0.41 पिकोसेकंद (सेकंदाचा लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोसेकंद) जगतो आणि कधीकधी दोन केऑनांत किंवा दोन पायॉनांत, म्हणजे त्याच्याहून हलक्या कणांत, फुटतो. त्याचा प्रतिकण, म्हणजे प्रतिद्रव्यातला त्याचा जोडीदार, तोही अगदी त्याच जोड्यांत फुटतो. म्हणजे पोरांकडे पाहून आई कोण ते कळत नाही. ते कळतं सोबत्यावरून: डी-स्टार हा थोडा जड भाऊबंद फुटला की डी-झिरोबरोबर एक हळू पायॉन बाहेर पडतो. पायॉन धन असेल तर डी-झिरो, ऋण असेल तर प्रतिकण. दोन्हीकडचे मोजायचे आणि वजाबाकी करायची.

दुसऱ्या वर्षी सरावासाठी मिळालेल्या एका छोट्या नमुन्यात मला दीड टक्का फरक दिसला. रात्रीचे दोन वाजलेले. दीड टक्का म्हणजे या धंद्यात डोंगर! हात थरथरत होते. (खऱ्या विश्लेषणात उत्तर शेवटपर्यंत मुद्दाम झाकून ठेवतात, ते का, हे त्या रात्री कळलं.) झोप येईना म्हणून घरी फोन लावला, तिकडे पहाट झाली होती. बाबा दुकानाला निघालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पारडी बदलून बघितलीस का?"

नव्हती बघितली. आमच्या यंत्रात एक मोठा चुंबक आहे, तो धन कण एका बाजूला वळवतो, ऋण दुसऱ्या. डाव्या-उजव्या बाजूंची कार्यक्षमता कधीच तंतोतंत सारखी नसते. कडेला तर एका प्रभाराचे हळू पायॉन यंत्राबाहेरच फेकले जातात, म्हणून त्या कडा कापूनच टाकतात. यासाठी चुंबकाची दिशा ठरावीक काळाने उलटी करतात. माझ्या डिस्कवर जागा संपल्यामुळे फक्त एकाच दिशेच्या फाइली उतरल्या होत्या. उरलेल्या घातल्या आणि डोंगर सपाट झाला.

तरी पासंग पुरता निघत नाही. टक्कर होते प्रोटॉनची प्रोटॉनशी, म्हणजे सुरुवातच द्रव्याच्या बाजूने, आणि यंत्रही द्रव्याचंच. प्रतिद्रव्याचं दुसरं यंत्र आणायचं कुठून? त्यावरचा तोडगा मला अजूनही फार आवडतो. केऑनांच्या जोडीत कण-प्रतिकणांतला फरक, म्हणजे विषमता, मोजायची, पायॉनांची मोजायची आणि एकीतून दुसरी वजा करायची. तराजू एकच, त्यामुळे त्याची खोट दोन्हीत सारखी. वजाबाकीत ती जाते.

21 मार्च 2019 रोजी हीच वजाबाकी जाहीर झाली: दहा हजारांत उणे 15.4, अनिश्चितता 2.9. मागे सुमारे 7 कोटी विघटनं. 5.3 सिग्मा (सिग्मा म्हणजे अनिश्चिततेचं माप; पाचाच्या वर गेलं की शोध पक्का धरतात). चार्ममध्ये असा फरक पहिल्यांदाच पक्का सापडला. केऑनांत तो 1964 मध्ये सापडला होता, बी मेसॉन या आणखी जड कणांत 2001 मध्ये. टाळ्या वाजत होत्या आणि आमच्यातले जुने लोक हसत होते, कारण 2011 मध्ये याच प्रयोगाला साडेतीन सिग्माने उणे 0.82 टक्के दिसलं होतं आणि पुढे डेटा वाढला तसा तो आकडा झिजत गेला होता.

दुसऱ्या दिवशीच्या "विश्व का शिल्लक राहिलं याचं उत्तर सापडलं" या मथळ्यांनी मात्र माझं डोकं फिरलं. सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच होतं असं मानतात, मग द्रव्यच का उरलं, हा तो प्रश्न; पण तेवढ्या फरकात विश्वातलं द्रव्य शिल्लक राहत नाही. तो फरक मूलकणांच्या रूढ सिद्धांतात (स्टँडर्ड मॉडेलमध्ये) बसतो की नाही, यावरही सिद्धांतवाले अजून भांडतायत.

वजाबाकीची एक गोम राहतेच. फरक कळतो, पण तो कुणामुळे आला ते कळत नाही. 2022 मध्ये केऑनांची विषमता स्वतंत्रपणे मोजली, तेव्हा कुठे पायॉनांच्या बाजूला दहा हजारांत 23 च्या आसपास दिसलं, 3.8 सिग्माने. केऑनांची मात्र शून्यापासून वेगळी काढता आली नाही. साध्या हिशेबाने दोघांची चिन्हं उलट यायला हवी होती.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग कुणाचं पारडं जड?"

"पायॉनचं. दुसऱ्याचं नीट सांगता येत नाही."

"मग अजून माल घाल."

माल येतोय. नव्याने बांधलेल्या यंत्राने 2024 या एका वर्षात जवळपास आधीच्या सगळ्या वर्षांइतका डेटा जमवला. यंत्र नवं, त्यामुळे पासंगही नवा. गेला महिनाभर तोच काढतेय.