उधाण, भांग आणि न्यूनतम वर्ग पद्धत

पदव्युत्तर वर्गात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना न्यूनतम वर्ग पद्धत (नोंदी आणि सूत्र यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून अज्ञात गुणक काढण्याची रीत) शिकवताना मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील भरती-ओहोटीचे उदाहरण घेतो. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य घटकाचा आवर्तकाल 12.42 तास आणि सूर्यामुळे येणाऱ्याचा 12 तास असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास हे दोन्ही एकमेकांना साथ देतात तेव्हा उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, येते, अष्टमीच्या आसपास एकमेकांविरुद्ध जातात तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. घटकाचा आयाम (मध्य पातळीपासूनची कमाल उंची) आणि कला (चक्रातील सुरुवातीची स्थिती) थेट शोधू गेल्यास समीकरण अरेषीय होते, परंतु तोच घटक कोसाइन व साइन यांच्या बेरजेत मांडला की अज्ञात गुणक रेषीय होतात.

खरी गोम पुढे आहे. नोंदी एक-दोन दिवसांच्याच असतील तर समीकरणांच्या मॅट्रिक्समधील (प्रत्येक नोंदीची एक ओळ, प्रत्येक गुणकाचा एक स्तंभ) या दोन घटकांचे स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात, कंडिशन नंबर (चुका किती पटींनी वाढू शकतात याचे माप) वाढतो आणि मोजणीतील लहानशा चुका गुणकांत कित्येक पटींनी फुगून येतात. दोन्ही घटक नीट वेगळे होण्यासाठी साधारणपणे 14.8 दिवसांची नोंद लागते, म्हणजेच एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंतचा काळ. (किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना हे चक्र तिथीवरूनच कळते, त्यांना मॅट्रिक्स लागत नाही.) नॉर्मल समीकरणे (मॅट्रिक्सला तिच्याच परिवर्त मॅट्रिक्सने गुणून मिळणारी समीकरणे) मांडून व्यस्त मॅट्रिक्स काढण्याची पाठ झालेली रीत येथे टाळावी आणि क्यूआर विघटन (मॅट्रिक्सचे परस्परलंब स्तंभांची मॅट्रिक्स आणि त्रिकोणी मॅट्रिक्स अशा गुणाकारात रूपांतर) वापरावे, कारण नॉर्मल समीकरणांत कंडिशन नंबरचा थेट वर्ग होतो.