शेवटच्या मोसमाचा हिशेब

सोमवार, रात्री उशिरा

भाच्याने बास्केटबॉलच्या जुन्या डंक स्पर्धेचा, म्हणजे उंच उडून चेंडू हाताने थेट रिंगमध्ये कोंबण्याच्या स्पर्धेचा, व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं, "मावशी, हे बघच." मी व्हिडिओ सोडून गुणतक्त्यात शिरले. बँकेत नोकरी करून करून असंच होतं. कुणी ताजमहाल दाखवला तरी आधी दुरुस्तीचा खर्च कोण करतं ते विचारावंसं वाटतं.

तक्ता आहे अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनचा, म्हणजे एबीएचा, मोसम १९७५-७६. अमेरिकेतल्या मुख्य बास्केटबॉल लीगच्या, म्हणजे एनबीएच्या, नाकावर टिच्चून १९६७ साली निघालेली ही लीग. लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचा चेंडू, तीन गुणांची रेषा, मोकळाढाकळा खेळ. हा तिचा नववा आणि शेवटचा मोसम. सुरुवातीला कागदावर दहा संघ होते. मोसम संपला तेव्हा सात उरले, आणि या गळतीची कारणं खेळापेक्षा जमाखर्चात जास्त सापडतात.

बाल्टिमोर क्लॉज हा संघ तर मोसम सुरू व्हायच्या आधीच गेला. मेम्फिसहून उचलून बाल्टिमोरला आणलेला संघ. जर्सी मेम्फिसच्याच, वर नव्या नावाची पट्टी शिवलेली. तीन सराव सामने खेळले आणि लीगने संघ बंद केला. डॅन इसेलसारखा मोठा खेळाडू केंटकीने त्यांना विकला होता, पण बाल्टिमोरला पैसे देता येईनात, म्हणून तो पुढे डेन्व्हरला गेला. डेन्व्हरचं नशीब तिथेच फळफळलं.

सॅन डिएगो ११ सामने खेळून नोव्हेंबरमध्ये बंद. एनबीएशी विलीनीकरण झालंच तरी आपल्याला आत घेणार नाहीत हे मालकाला कळलं होतं, मग कशाला तोटा सोसायचा? यूटा स्टार्स १६ सामन्यांनंतर डिसेंबरमध्ये. हे १९७१ चे विजेते, बरं का! शाळेतून थेट व्यावसायिक खेळात उतरलेला मोझेस मलोन त्यांच्याकडेच होता, तो मग सेंट लुइसला विकला गेला.

यूटाचे मालक बिल डॅनियल्स यांचं मात्र मला कौतुक वाटतं. केबल टीव्हीच्या धंद्यातला माणूस. संघ बुडाला तेव्हा मोसमाची तिकिटं आगाऊ घेतलेल्या लोकांचे पैसेही बुडाले. काही वर्षांनी त्यांनी ते पैसे व्याजासकट परत केले. कायद्याने तगादा लावला नसताना! वसुली विभागात काढलेल्या वर्षांत मला असा एक कर्जदार भेटला असता तर मी त्याचा फोटो केबिनमध्ये लावला असता.

तक्त्याच्या तळाशी व्हर्जिनिया स्क्वायर्स: १५ विजय, ६८ पराभव. बाकीच्यांचे ८४ सामने, यांचे ८३ च. एक सामना झालाच नाही आणि तो भरून काढायची कुणाला गरजही वाटली नसावी. याच संघाकडे एके काळी ज्युलियस अर्व्हिंग आणि जॉर्ज गर्विन दोघेही होते. दोघांनाही विकून घर चालवलं.

बुधवार

आज शेवटी व्हिडिओ पाहिला. आधी थोडा, मग परत पहिल्यापासून.

२७ जानेवारी १९७६, डेन्व्हर. ऑल-स्टार सामन्याची पंचाईत अशी की सातच संघ उरल्यावर पूर्व-पश्चिम असे दोन गट पाडणार कसे? म्हणून तक्त्यात पहिल्या क्रमांकावर असलेला डेन्व्हर एका बाजूला आणि बाकी सगळ्यांतले निवडक खेळाडू दुसऱ्या बाजूला. डेन्व्हरने तो सामना १४४-१३८ असा जिंकला. पण प्रेक्षक यावेत म्हणून डेन्व्हरचे व्यवस्थापक कार्ल शीअर आणि मंडळींनी आणखी काहीबाही जोडलं होतं: आधी ग्लेन कॅम्पबेल आणि चार्ली रिच यांचं गाणं, आणि मध्यंतरात डंकची स्पर्धा. अशी स्पर्धा त्याआधी कधी झाली नव्हती. बक्षीस १००० डॉलर आणि एक स्टिरिओ. आज एनबीएच्या ऑल-स्टार आठवड्यात जी डंक स्पर्धा होते, तिचं मूळ या काटकसरीत आहे.

पाच स्पर्धक: आर्टिस गिलमोर, गर्विन, लॅरी केनन, डेन्व्हरचा लाडका डेव्हिड थॉम्पसन आणि न्यूयॉर्क नेट्सचा अर्व्हिंग, म्हणजे 'डॉक्टर जे'. अर्व्हिंगने बास्केटखाली उभ्या उभ्या दोन चेंडू एकामागून एक आत घातले. मग तो बास्केटसमोरच्या फ्री थ्रो रेषेवर गेला आणि तिथून उलट दिशेला ढांगा मोजत चालत सुटला. तिकडे पार दुसऱ्या टोकाकडे. लोकांना कळलं काय चाललंय ते, आणि कुजबुज वाढत गेली. मग तो वळला. पहिली काही पावलं अगदी रमतगमत, मग लांब, आणखी लांब. रेषेपाशी उडाला, चेंडू एका हातात, मूठभर कलिंगड उचलावं तसा सहज. रेषेवर पाय पडला की किंचित आत, यावर लोक अजून भांडतात. भांडोत बापडे. रेषेपासून रिंगमागच्या फळीपर्यंत १५ फूट आडवं अंतर आहे, आणि आमच्या कॉलेजात नुसतं रिंगला बोट लावणारा मुलगा हिरो मानला जायचा.

यातली मला आवडलेली बाब वेगळीच आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९६७ पासून डंकवर बंदी होती. ती उठली १९७६ मध्ये. म्हणजे थॉम्पसन आणि अर्व्हिंग दोघांचीही कॉलेजची सगळी कारकीर्द बंदीच्या काळातली. नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून खेळताना थॉम्पसन रिंगच्या वर उडायचा आणि चेंडू नुसता हलकेच सोडून द्यायचा. इतकं उंच जायचं आणि वर हात आखडायचा! ज्याला हे वर्षानुवर्षं करावं लागलं, त्याला त्या रात्री डेन्व्हरमध्ये काय वाटलं असेल?

भाच्याला फोन केला तर म्हणाला, "अगं, आताचे लोक याच्यापेक्षा भारी मारतात." मारत असतील.

शुक्रवार

अंतिम फेरी पाहायला घेतली. सलग चित्रफीत मिळत नाही, तुकडे जोडत बसावं लागतं.

डेन्व्हर (६०-२४) विरुद्ध न्यूयॉर्क नेट्स (५५-२९). गंमत म्हणजे सप्टेंबर १९७५ मध्ये याच दोन संघांनी लीगकडे पाठ फिरवून एनबीएत प्रवेशासाठी अर्ज केला होता. ते जमलं नाही, मोसम एबीएतच काढावा लागला. म्हणजे ज्यांनी राजीनामा देऊन ठेवला आणि नोटीस पिरियडवर काम करत होते, तेच दोघे अंतिम सामन्यात! आमच्याकडे नोटीस पिरियडवरचा माणूस दुपारी तीननंतर जागेवर सापडत नाही.

अर्व्हिंगने पहिल्या सामन्यात ४५ गुण केले आणि शेवटच्या क्षणी विजयी बास्केटही त्यानेच मारली: १२०-११८. संपूर्ण मालिकेत त्याची सरासरी ३७.७. समोर बॉबी जोन्स होता, त्या काळातला उत्तम बचावपटू. त्याने बचावात काही कमी ठेवली असं चित्रफितीत तरी कुठे दिसत नाही. हात वर, पाय जागेवर, अंतर बरोबर, आणि तरी अर्व्हिंग त्याच्या डोक्यावरून.

सहावा सामना १३ मे १९७६, नासाऊ कॉलिझियम. थॉम्पसनने ४२ गुण केले. तिसऱ्या सत्रात नेट्स २२ गुणांनी मागे होते. मग त्यांनी पूर्ण कोर्टभर दाब टाकायला सुरुवात केली, आणि डेन्व्हरची तारांबळ उडाली. उत्तरार्धात जॉन विल्यमसन अंगात आल्यासारखा खेळला. अर्व्हिंगचे ३१ गुण, १९ रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू पकडणं). ११२-१०६. मालिका ४-२. एबीएचा शेवटचा सामना.

शनिवार

माझ्या आवडीचा भाग: कागदपत्रं.

दोन्ही लीग खेळाडूंसाठी एकमेकींवर बोली लावत राहिल्या, पगार वाढत गेले, त्यामुळे मालकांना एकत्र यायची घाई होती. पण ऑस्कर रॉबर्टसन आणि इतर खेळाडूंनी १९७० मध्ये कोर्टात जाऊन ते अडवून धरलं होतं. लीग एकच राहिली तर खेळाडूला दुसरं दार उरत नाही, हा त्यांचा मुद्दा. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि १७ जूनला मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिसला करार झाला. नेट्स, डेन्व्हर, इंडियाना आणि सॅन अँटोनियो आत. प्रत्येकी ३२ लाख डॉलर प्रवेश फी, त्या वर्षीच्या कॉलेज ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडून घ्यायच्या फेरीत, भाग नाही, पहिली तीन वर्षं टीव्हीचे पैसे नाहीत. याला विलीनीकरण म्हणतात. मी स्वतः विलीनीकरण झालेल्या बँकेत आहे, लहान बाजूची. पाटी कुणाची राहते आणि सेवाज्येष्ठता कुणाची जाते ते मला शिकवायला नको.

नेट्सना वर आणखी ४८ लाख न्यूयॉर्क निक्सना द्यायचे होते, त्यांच्या हद्दीत शिरल्याबद्दल. पैसे कुठून आणणार? अर्व्हिंगला ३० लाखांना फिलाडेल्फियाला विकलं. विजेत्या संघाने पुढच्या मोसमात एनबीएत २२ सामने जिंकले, ६० हरले.

बाहेर राहिलेल्यांची कथा तर बघा. व्हर्जिनिया करारापूर्वी काही आठवडे बंद पडली. लीगची ७५,००० डॉलरची वर्गणी भरता आली नाही, त्यामुळे भरपाई शून्य. केंटकी कर्नल्स हा १९७५ चा विजेता संघ. संपूर्ण लीगमधल्या बळकट संघांपैकी एक, गिलमोरसारखा सात फूट दोन इंचांचा सेंटर, लुइव्हिलमध्ये जिवाला जीव देणारे प्रेक्षक. मालक जॉन वाय. ब्राउन, हे तेच, ज्यांनी केंटकी फ्राइड चिकन मोठं केलं. त्यांनी ३० लाख घेतले, संघ मोडला आणि बफेलोच्या एनबीए संघात हिस्सा विकत घेतला. गिलमोर शिकागोला गेला. लुइव्हिलला आजतागायत एनबीएचा संघ नाही. हा निर्णय मला पटत नाही. धंदा म्हणून बरोबर असेलही.

आणि सेंट लुइसचे सिल्ना बंधू, ओझी आणि डॅनियल! मोसमात ३५ विजय, ४९ पराभव, स्टँड रिकामे. त्यांनी रोख २२ लाख घेतले आणि एक कलम घालून घेतलं: आत गेलेल्या चारही संघांच्या टीव्ही उत्पन्नातला एक सप्तमांश हिस्सा, कायमचा. चार सप्तमांश, म्हणजे अर्ध्याहून जास्त संघाचं टीव्ही उत्पन्न, एकही खेळाडू न पोसता. १९७६ मध्ये एनबीएला टीव्हीचे असे कितीसे मिळत होते? समोरच्यांनी सही केली. मग मॅजिक जॉन्सन आला, लॅरी बर्ड आला, मायकेल जॉर्डन आला, आणि टीव्हीचे पैसे फुगत गेले. २०१४ मध्ये या कलमातून बऱ्याच अंशी सुटका करून घ्यायला एनबीएला ५० कोटी डॉलर एकरकमी द्यावे लागले. तोवर सुमारे ३० कोटी देऊन झालेच होते.

'कायमचा' हा शब्द ज्या वकिलाच्या नजरेतून सुटला, त्याची मला मनापासून दया येते. मुदत नसलेलं कलम दिसलं की पेन खाली ठेवायचं, हे आमच्याकडे शिकाऊ ऑफिसरलाही सांगतात.

रविवार, दुपारी

भाचा जेवायला आला होता. त्याचा मुद्दा असा की एबीए बुडाली कुठे, जिंकलीच: एनबीएने तीन गुणांची रेषा १९७९ मध्ये घेतली, डंक स्पर्धा घेतली. १९७७ च्या अंतिम फेरीत एका बाजूला अर्व्हिंग आणि दुसऱ्या बाजूला, पोर्टलँडकडून, मॉरिस लुकास. दोघेही एबीएचे. सॅन अँटोनियोने पुढे पाच विजेतेपदं मिळवली, डेन्व्हरने २०२३ मध्ये एक. "पुण्याचा पेशवाज संघ आठवतो का तुला, यूबीए लीगमधला? २०१७ नंतर लीगच गेली. त्यातलं काय राहिलं?" बरोबर आहे त्याचं.

पण मी त्याला दुसरा आकडा सांगितला. या लीगमध्ये वर्षं घालवलेल्या आणि एनबीएत जागा न मिळालेल्या खेळाडूंना निवृत्तिवेतनासाठी दशकानुदशकं झगडावं लागलं. इंडियानापोलिसच्या ड्रॉपिंग डाइम्स या संस्थेने पाठपुरावा केला. काहींना दातांचा खर्च परवडत नव्हता, काहींना घरभाडं. २०२२ मध्ये एनबीएने अखेर मंजुरी दिली: किमान तीन मोसम खेळलेल्या सुमारे ११५ जणांसाठी मिळून २ कोटी ४५ लाख डॉलर. सगळ्यांना मिळून! ४६ वर्षांनी.

त्याने मोबाइल काढून ५० कोटींना २.४५ कोटींनी भागलं आणि म्हणाला, "वीसपट." मग पोळीचा तुकडा आमटीत बुडवत विचारलं, सिल्ना बंधूंना बास्केटबॉल खेळता येत होतं का. मी म्हटलं, त्यांना करार वाचता येत होता.