अंगठा कुणाचा?

परदेशात दत्तक गेलेलं मूल मोठं होऊन जन्मदात्यांना शोधू लागलं की त्याचा अर्ज ‘कारा’कडून, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाकडून, फिरत फिरत आमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात येतो. रूट सर्च म्हणतो आम्ही. बहुतेक अर्ज इथंच संपतात: संस्था बंद, रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. तिऱ्हाइतानं असा शोध घ्यायला नियमानंच मनाई आहे, म्हणजे आम्ही हात वर केले की संपलं. ऑफिसात हे फार थोड्यांना बोचतं.

हा अर्ज युरोपातल्या एका बाईंचा. दोन वर्षांच्या असताना, १९८१ साली सोलापुरातून गेलेल्या. तेव्हा ‘कारा’ नव्हती. ती १९९० ची. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी दत्तकाला शिस्त लावली ती १९८४ मध्ये. त्याआधी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली इथल्या कोर्टातून परदेशी जोडप्याला पालक नेमून घ्यायचं, मूल विमानात बसवायचं, दत्तकविधान तिकडं. आईची संमती म्हणून कोर्टापुढं एक सरेंडर डीड, मूल सोपवल्याचा कागद.

ते डीड मी कितीदा वाचलं असेल. इंग्रजीत टाइप केलेलं दीड पान. आई निरक्षर आहे, मजकूर तिला तिच्या भाषेत समजावून सांगितला, तिची ओळख कोणाला कळू नये. खाली निळा अंगठा, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या, दोघंही संस्थेचेच नोकर. त्यातलं ओळख लपवायचं वाक्य नीट बघा. आईनं तशी विनंती केलेली असेल तर तिच्या लेखी संमतीशिवाय आम्ही लेकराला काही सांगू शकत नाही.

पत्ता सोलापूरच्या पूर्व भागातला, चाळ कधीच पडलेली. पण विडी कामगार बायकांची आठवण कुठल्याही सरकारी रजिस्टरपेक्षा पक्की. कारखान्याच्या ब्रँचवर विड्या मोजून द्यायला बसलेल्या एका आजींनी नवऱ्याच्या नावावरून ओळखलं. कशासाठी विचारतेय ते मी बोलले नव्हते. “ती होय? कुंभारीला, गोदूताई वसाहतीत.” दहा हजार घरांची ती वसाहत, तिथंही बायकांनीच दारापर्यंत नेलं.

मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं नि तंबाखू. बोलतानाही त्यांचे हात चालूच होते. शेजारणी गेल्यावर मी विषय काढला, तेव्हा थांबले.

नवऱ्याला टीबी झाला होता. पोरीला लागण नको म्हणून पावसाळ्यापुरती संस्थेत ठेवली. दर रविवारी भेटायला जायच्या. एका रविवारी सांगितलं, मुंबईला पाठवली. पुढं फाटकातून आत सोडणंच बंद केलं.

संमतीपत्र पुढं केलं आणि सवयीनं मी शाईचं पॅड उघडलं. “पेन द्या की,” म्हणाल्या, आणि तेलुगूत पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या.

“तेव्हाही सही करायचात?”

त्या उठल्या. पत्र्याच्या पेटीतून प्रॉव्हिडंट फंडाचा कागद काढला, १९७९ चा. पेन्शनपायी या बायका फंडाची चिठ्ठीसुद्धा जिवापाड जपतात. त्यावर हीच सही.

“मॅडम, मी कशाला अंगठा लावू?”

आज मूल सोपवायचं तर बाल कल्याण समितीसमोर जावं लागतं आणि मन बदलायला साठ दिवस मिळतात. यांना एक दिवससुद्धा मिळाला नाही. आणि त्या हयात नसत्या, तर आई सापडली नाही एवढं कळवून मी फाइल मिटवली असती. डीडच खरं ठरलं असतं.

वरिष्ठ म्हणाले, आई सापडली, संमती आली, केस क्लोज करा. अहवालातला सही-अंगठ्याचा परिच्छेद काढून टाका. सहकारी म्हणतात, पोरीचं भलं झालं ना? भलं झालं की नाही ते ती लेक ठरवेल. पण या बाईंची पोर त्यांना न विचारता नेली, ते कोणाच्या भल्यानं पुसलं जात नाही. आमच्या नमुन्यात मूल अनाथ, नाहीतर टाकलेलं, नाहीतर आईबापांनी सोपवलेलं. नेलेल्या मुलाला रकानाच नाही.

परिच्छेद मी काढलेला नाही. त्याच संस्थेतून त्याच सुमारास परदेशी गेलेल्या बाकी मुलांची डीडही पाहायची आहेत. कोर्टाच्या अभिलेख कक्षाला पत्र दिलंय. उत्तराची वाट बघतेय.