आंधळा मासा बघायला बस्तरला: कोल्हापूरहून कोटमसर

जगदलपूरला निघालो तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "एवढ्या लांब काय बघायला?" मासा, म्हटलं. ते हसले. पंचगंगेत मेलेले मासे तरंगताना फुकटात दिसतात, भाडं कशाला घालवायचं?

पण हा मासा आंधळा, आणि नात्यानं आपल्याकडचाच. माशांचे अभ्यासक फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या एका ओढ्यातल्या माशाला एव्हझार्डी हे नाव दिलं: बोटभर, मिशाळ, दगडगोट्यांखाली दडणारा. कोटमसरच्या चुनखडीच्या गुहेतला मासा त्याच जातीचा मानतात. अंधारात पिढ्या गेल्या, रंग उडाला, डोळे बारीक झाले, काहींचे तर गेलेच.

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गोंदिया (दुसरा दिवस उजाडतो, भडंग भरपूर घ्या), पुढं रायपूर, तिथून रात्रीची बस. रायपूर ते जगदलपूर ३०० किलोमीटरच्या आसपास. गुहा कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात आहे आणि पावसाळ्यात आत पाणी भरतं म्हणून बंद असते. दिवाळीनंतरच बेत करा, निघण्यापूर्वी एकदा चौकशी करा. वाटाड्या घ्यावाच लागतो.

तोंड म्हणजे डोंगरातली एक अरुंद चीर. पोट आत घेऊन जिना उतरायचा. खाली गेल्यावर थंडी वाजेल असं वाटलं होतं. उलट दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला.

एका डबक्यापाशी वाटाड्यानं बसायला सांगितलं. बराच वेळ काहीच नाही. मग तळाशी फिकट गुलाबी रेघ हलली, सरळ वर आली, हवेचा घोट घेऊन परत खाली. आमच्यातल्या एकानं लगेच डोक्यावरची झगझगीत बॅटरी पाण्यावर मारली. मासा कपारीत गेला तो गेलाच. "डोळे नाहीत तर त्याला कळलं कसं?" असं वर आम्हालाच विचारतोय! डोळे बारीक झाले तरी उजेड नकोसा वाटतोच.

भिंतीवर लांब मिशांचा फिका रातकिडा होता. ही गुहा अभ्यासणाऱ्या शंकर तिवारींच्या नावावरून त्याच्या जातीला शंकरी म्हणतात. आत ऊन नाही म्हणजे झाडपाला नाही. पुरासोबत येणारा कचरापाचोळा आणि वटवाघळांची लीद, एवढ्यावर सगळ्यांचा संसार. वटवाघळं गोंगाटाला कंटाळून उठली तर खालच्यांचं ताट रिकामं. पूर्वी पर्यटकांना मशाली घेऊन आत नेत. तो धूर जायला वाट कुठली? आता मशाली गेल्या, पण गर्दी आहेच. डबक्याच्या कडेचा गाळ बुटांनी पार तुडवलेला दिसला. कायमचा उजेड असतो तिथं दगडावर हिरवं शेवाळ धरतं, आणि वरून लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांना हात लावला की घामाचा तेलकटपणा बसून त्यांची वाढ अडते. थेंबाथेंबानं हजारो वर्षांत झालेल्या सुळक्याचं टोक तोडून खिशात घालणारेही असतात.

तेव्हा बूट घट्ट पकड असलेले घाला, बॅटरी मंद घ्या आणि पाण्यावर मारू नका. दम्याचा त्रास असेल तर वरच थांबा, आत हवा कोंदट आहे. भडंगाची पिशवी गाडीतच ठेवा. सांडलेल्या चुरमुऱ्यावर मुंग्या-उंदीर येतात. शनिवार-रविवार टाळा. आम्ही रविवारी गेलो आणि मासा दिसला तो एकदाच, तेवढ्या एका घोटापुरता.