खरे बोलण्याची सक्ती एकट्या नागरिकावरच का?

रविवार, रात्री

शपथपत्राच्या शेवटी एक परिच्छेद असतो. वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, त्यात काहीही लपवलेले नाही आणि तो खोटा ठरल्यास होणाऱ्या शिक्षेस मी पात्र राहीन, अशा आशयाच्या त्या ओळींखाली आपण सही करतो. ही सही निव्वळ उपचार नसते, कारण न्यायालयाच्या कामकाजात जाणूनबुजून खोटा पुरावा देणाऱ्याला आपल्या कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वय, पत्ता, उत्पन्न, मालमत्ता, कुटुंबात किती माणसे, असे सगळे राज्य आपल्याला विचारते आणि खरे उत्तर मिळण्याचा हक्क सांगते. तो हक्क मला मान्य आहे, कारण माणसे खोटे सांगू लागली तर कर गोळा होणार नाही आणि न्यायही होणार नाही. माझा आक्षेप पुढचा आहे. जे सरकार शिक्षेच्या धाकाने माझ्याकडून सत्य वसूल करते, तेच सरकार माझ्याशी खोटे बोलले, तर त्याला जाब कोण विचारतो आणि कोणत्या कलमाखाली? बहुतेक वेळा कोणीही विचारत नाही. राज्यसत्तेबद्दल माझी जी काही ठाम मते आहेत, त्यांचे मूळ या विषमतेत आहे, म्हणून ती आज एकदा सलग लिहून काढते.

चुकीचा निर्णय घेणाऱ्या सरकारपेक्षा खोटे बोलणारे सरकार मला अधिक घातक वाटते. चुकलेले धोरण डोळ्यांसमोर असते, त्यावर टीका करता येते आणि पुढच्या निवडणुकीत ते धोरण आखणाऱ्यांना घरी बसवता येते. परंतु आकडाच खोटा सांगितला, घडलेली गोष्ट घडलीच नाही असे जाहीर केले, तर मी देते ते मत कशावर देते? सत्तेला अधिकार मिळतो तो आमच्या संमतीतून, असे आपण मानतो, आणि फसवून घेतलेली संमती साध्या खरेदीखतातही ग्राह्य धरली जात नाही.

अशा खोटेपणाची किंमत चीनमध्ये १९५८ नंतरच्या तीन-चार वर्षांत जेवढी मोजावी लागली, तेवढी क्वचितच कुठे मोजावी लागली असेल. वरिष्ठांना मोठे आकडे हवे होते, म्हणून गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी पिकाचे उत्पादन प्रत्यक्षापेक्षा कितीतरी अधिक दाखवले. त्या फुगवलेल्या आकड्यांवरून सरकारी धान्यवसुलीचे प्रमाण ठरले आणि जे धान्य पिकलेच नव्हते त्याचा हिस्सा भरण्यासाठी शेतकऱ्याच्या घरातले खाण्याचे धान्यही उचलले गेले. ज्याने खरा आकडा सांगण्याचे धाडस केले, तो धान्य लपवणारा ठरला. कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली. त्यात हवामानाचा आणि शेतीविषयीच्या चुकीच्या कल्पनांचाही वाटा होता, हे मला ठाऊक आहे. तरीही मरणाचा हा पसारा एवढा वाढला, याचे मोठे कारण असे की राजधानीत पोहोचणारा प्रत्येक कागद खोटा होता आणि तो खोटा आहे हे बोलण्याची परवानगी कोणालाही नव्हती. खोटे बोलणारी सत्ता अखेर स्वतःही आंधळी होते. तिचे आंधळेपण भोगावे मात्र दुसऱ्यांना लागते.

चेर्नोबिलचा घटनाक्रम मी अनेकदा वाचला आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी पहाटे दीडच्या आधी अणुभट्टीचा स्फोट झाला. शेजारच्या प्रिप्यात शहरात जवळपास पन्नास हजार माणसे राहत होती आणि त्या शनिवारी सकाळी तिथली मुले नेहमीप्रमाणे शाळेत गेली. शहर रिकामे करण्याचे काम दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाले, आणि लोकांना सांगितले गेले की हे स्थलांतर तात्पुरते आहे. जगाला पहिली शंका आली ती सोमवारी, जेव्हा स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्गी कण सापडले. त्या रात्री मॉस्कोच्या दूरचित्रवाणीने चार ओळींची बातमी दिली. त्यानंतर १ मे रोजी, वारा कीव्हकडे वाहत असतानाही, तिथली कामगारदिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली आणि तीत मुलेही चालली. भट्टीच्या रचनेतला दोष हा तंत्रज्ञांचा प्रश्न होता, असे मी एक वेळ म्हणेन. शनिवारी सकाळी शाळा उघड्या ठेवणे हा मात्र नीतीचा प्रश्न होता. तिथे दोन शब्द खरे बोलण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

यावर नेहमी एक उत्तर मिळते, की राज्य चालवणाऱ्यांना सगळेच उघड करता येत नाही. ते खरे आहे, आणि सगळे उघड करावे असे माझे म्हणणेही नाही. सैन्य कुठे हलते आहे, तपासातला साक्षीदार कोण आहे, एखाद्याच्या आजाराची कागदपत्रे काय सांगतात, हे लपवलेच पाहिजे. पण 'आम्ही हे सांगणार नाही' असे म्हणणे आणि 'असे काही घडलेच नाही' असे म्हणणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वाक्याविरुद्ध मला अपील करता येते, न्यायालयात जाता येते, निदान काहीतरी लपवले जात आहे हे तरी कळते. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची मांडणी याच तत्त्वावर आहे. माहिती नाकारता येते, परंतु कोणत्या कलमाखाली नाकारली हे लेखी कळवावे लागते, आणि जाणूनबुजून चुकीची, अपुरी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत कायद्याने हे धैर्य दाखवले. त्याच्या वर बसलेल्यांच्या जाहीर विधानांना असा कोणताही दंड नाही, आणि मला ही त्या कायद्याची नव्हे, तर आपल्या राजकीय संस्कृतीची लाजिरवाणी मर्यादा वाटते.

अधिकार आणि खरेपणा यांचा संबंध मला सर्वांत स्वच्छ दिसतो तो आणीबाणीतल्या एका सुनावणीत. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, दिल्लीतल्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली आणि देशभर हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. त्यांपैकी अनेकांनी उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. सरकारचे म्हणणे असे होते की, घटनेच्या एकविसाव्या कलमाची अंमलबजावणी स्थगित असल्यामुळे अटकेतल्या माणसाला न्यायालयात येण्याचा हक्कच उरत नाही. तेव्हा न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की, त्या कलमात स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. मग एखाद्या अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तरीही काही उपाय नाही का? डे यांनी उत्तर दिले की, आपल्या युक्तिवादाशी सुसंगत राहायचे तर, आणीबाणी चालू असेपर्यंत नाही.

त्या उत्तराचे मला भय वाटते. पण तेवढेच महत्त्वही वाटते, कारण सत्तेने आपल्याला नेमके काय हवे आहे ते तिथे आडपडदा न ठेवता सांगितले. अनुशासन, देशहित, अंतर्गत सुरक्षा हे सगळे शब्द बाजूला पडले आणि मागणी उघडी झाली: आम्ही माणूस मारला तरी कोणी विचारायचे नाही. इतके स्पष्ट ऐकूनही २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. त्यांपैकी न्यायमूर्ती बेग यांनी तर स्थानबद्धांची राज्याकडून घेतली जाणारी काळजी जवळजवळ मातेच्या मायेसारखी असल्याचे लिहिले. त्या तुरुंगांत खरोखर काय चालले होते हे छापण्यास वृत्तपत्रांना बंदी असताना एका न्यायमूर्तीने आपल्या निकालपत्रात हे लिहावे, याचा मला आजही संताप येतो. सत्य सांगणारी सगळी तोंडे आधी बांधायची आणि मग सरकारी कथनालाच पुरावा मानायचे, ही सत्तेच्या खोटेपणाची सर्वांत पूर्ण अवस्था आहे.

खन्ना यांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांची नेमणूक झाली आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विसावे आणि एकविसावे कलम आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली, आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काबद्दलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निर्णय चुकीचा ठरवून रद्द केला. खन्नांबद्दल बोलताना आपल्याकडे रामशास्त्र्यांची आठवण निघते, आणि ती योग्यच आहे. पेशव्याच्या चुलत्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण मला या कौतुकाची धास्तीही वाटते. अडचणीच्या वेळी कोणीतरी निःस्पृह माणूस खुर्चीवर असेल, या आशेवर राज्य सोपवता येत नाही. पाचांत एक निघाला, तोही हरला आणि त्याची बढती गेली. म्हणून अधिकाराला मर्यादा हव्यात त्या माणूस चांगला की वाईट हे न पाहता, आणि त्या शांततेच्या काळातच घालून ठेवायला हव्यात.

याच कारणाने सरकारने नागरिकांना नीती शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी काय खावे, कोणावर प्रेम करावे, कोणाची प्रार्थना करावी किंवा करूच नये, यांत दुसऱ्या कोणाची हानी होत नसेल तर राज्याचा काही संबंध नाही. अमेरिकेने १९२० ते १९३३ या काळात घटनादुरुस्तीच्या बळावर देशभर दारूबंदी करून पाहिली. दारू संपली नाही, गुन्हेगारी टोळ्या मात्र श्रीमंत झाल्या आणि पोलिसांना हप्त्यांची सवय लागली. दारूचे मी समर्थन करत नाही. तिने मोडलेली घरे मला दिसतात. तरीही भीतीने आणलेला सदाचार हा बहुतेक वेळा दाराआड चालणारा दुराचार असतो, आणि तो माणसांना सर्वांत आधी खोटे बोलायला शिकवतो. सरकारकडून मला एकाच नैतिक गुणाची अपेक्षा आहे, ती सचोटीची. बाकीचे सद्गुण आम्ही आमच्या घरात, आमच्या विवेकाने सांभाळू.

माझी स्वतःची नीती कोणत्याही धर्मग्रंथावर उभी नाही. चांगले वागण्यासाठी पापपुण्याच्या हिशोबाची गरज असते, असे मला वाटत नाही. समोरच्या माणसाला फसवले की त्याचा निर्णय मी त्याच्या हातातून काढून घेते, आणि असे करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, एवढे कारण मला पुरते. ज्यांना देवाच्या साक्षीने खरे बोलण्याचे बळ मिळते, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आमची वाट वेगळी असली तरी आम्ही एकाच ठिकाणी पोहोचतो. देवाचे नाव घेऊन खोटे बोलणाऱ्यांचा मात्र मला दुप्पट राग येतो.

आता सर्वांत कठीण भाग. सत्तेचा खोटेपणा टिकतो तो आपल्यामुळे. विरोधकाचा नेता खोटे बोलला की आपण त्याला खोटारडा म्हणतो, आणि आपला नेता खोटे बोलला की आपण त्याला मुत्सद्दी ठरवतो. माझ्या ओळखीतली अत्यंत प्रामाणिक माणसे, ज्यांनी आयुष्यात कोणाचा पैसा बुडवला नाही, तीदेखील आपल्या पक्षाची वेळ आली की 'सगळेच तसे' म्हणून विषय बदलतात. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते की, धर्मातली भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणातली भक्ती ही अधःपतनाची आणि अखेर हुकूमशाहीची खात्रीची वाट आहे. भक्त असलेल्या माणसाला खोटे ओळखता येत नाही असे नाही. त्याला ते ओळखायचे नसते, आणि हा दोष त्याच्या बुद्धीचा नसून चारित्र्याचा आहे, असे मी म्हणेन, मग तो माझा कितीही जवळचा असो.

ब्रिटनमध्ये १९६३ साली युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांना पद सोडावे लागले. त्यांचे खासगी वर्तन हा चर्चेचा विषय होताच, पण राजीनाम्याचे कारण ठरले ते सभागृहात केलेले खोटे विधान. आपल्या संसदेतही सभागृहाची हेतुपूर्वक दिशाभूल करणे हा विशेषाधिकारभंग मानला जातो, परंतु त्याचा निर्णय सभागृहच करते आणि सभागृहात बहुमत सरकारचे असते, त्यामुळे आरोपीच न्यायाधीश निवडतो अशी स्थिती होते. माझ्या मते मंत्र्याच्या विधानाची सत्यासत्यता तपासण्याचे काम सभागृहाबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावे, विधान चुकीचे आढळल्यास त्याच सभागृहात उभे राहून ते ठरावीक मुदतीत दुरुस्त करणे मंत्र्याला बंधनकारक असावे, आणि ते हेतुपूर्वक खोटे ठरल्यास त्याचे मंत्रिपद जावे. शपथपत्रावर सही करणाऱ्या सामान्य माणसाला जो नियम लागतो, त्याच्या मानाने ही शिक्षा सौम्यच आहे. हा नियम आलाच, तर तो पहिल्यांदा मी ज्या पक्षाला मत देते त्याच्या मंत्र्याला लागला तरी माझी काहीही तक्रार असणार नाही.